सोवळ्यातलं विमान

मी लेप बोलतोय. गुडघ्याला लावतात तो नव्हे, विमानाच्या पंखाला लावतात तो. माझे कण नॅनो, म्हणजे इतके बारीक की माणसाचा केस मला वडाचं खोड वाटतो. माझ्यावर पाणी टिकत नाही. पाणीच टिकलं नाही तर पंखावर बर्फ कुठून धरणार?

माझा जन्म बनारसच्या एका लॅबमधला. तिथे हातमोजे आणि टोपी घातल्याशिवाय मला कोणी शिवायचं नाही. हिमानीने दोन वर्षं खपून मला बनवलं, तेही एकच बाटली. अखेर विमानवाले मला तपासायला येणार होते. मी नापास, तर तिचं काम बंद.

आदल्या संध्याकाळी लॅबचा एसी बंद पडला आणि धूळ आत येऊ लागली. तिने मला रामघाटला घरी आणलं आणि घरातल्या सगळ्यात स्वच्छ जागी ठेवलं: श्रीरामकाकांच्या सोवळ्याच्या फळीवर. तिथे काकांशिवाय कुणाचा हात लागत नाही.

काकांचा लागतो.

सोवळ्याच्या फळीवर आहे म्हणजे सोवळ्यासाठीच असणार, असं म्हणत त्यांनी सकाळी अत्तर समजून मला पंच्यावर फवारलं. अख्खं. मग तो नेसून गंगेत बुडी मारली. वर आले तर पंचा कोरडा ठणठणीत.

काका देवाला अभिषेक ओलेत्याने करतात. कोरडा पंचा चालत नाही. त्यांनी आणखी एक बुडी मारली. मग आणखी एक. नाववाला काशीनाथ बघत होता.

"गुरुजी, नहाए हैं कि सिर्फ पानी देख के आ गए?"

तेवढ्यात हिमानी रिकामी बाटली घेऊन धावत आली. रडायच्या बेतात होती. पंच्यावरून मोत्यांसारखे घरंगळणारे थेंब बघितले आणि हात पुढे केला.

"काका, पंचा द्या."

"आणि मी काय नेसू?"

"माझी ओढणी."

गुलाबी ओढणी पहिल्याच बुडीत छान भिजली. अभिषेक झाला. देव काही बोलला नाही.

दुपारी हिमानीने पंखाच्या तुकड्यावर पंचा ताणून बसवला. विमानवाल्यांनी गार वारा सोडला, पाणी मारलं. उघड्या पत्र्यावर बर्फाचा थर चढला, माझ्यावर कणभरही नाही. मोठ्या साहेबांनी चष्मा पुसला.

"हे कापड कुठलं?"

"घरचं," हिमानी म्हणाली.

मी पास झालो. आता मी पंच्यासकट एका छोट्या चाचणी-विमानाच्या डाव्या पंखावर आहे, लाल काठ पुढे करून. पंचा द्यायला काकांची एकच अट होती, पंच्याला कुणी असंतसं शिवायचं नाही. इंजिनियर म्हणाले, आम्ही हातमोजे आणि टोपी घालूनच शिवतो. काकांना ती माणसं फार आवडली.

तेव्हा डोक्यावरून लाल काठाचं विमान गेलं तर खालूनच हात हलवा. जवळ येणाऱ्या ढगांनाही मी हेच सांगतो: बाबांनो, शिवू नका, मी सोवळ्यात आहे.