न खाल्लेली साखर

मित्रांनो, मी एक जुनी, रक्त फिरवायची मशीन आहे. सेंट्रिफ्यूज म्हणतात मला. जुनी म्हटलं म्हणून लगेच तोंड वाकडं करू नका. औरंगपुऱ्यातल्या या लॅबमध्ये माझ्या मागून आलेल्या दोन मशिनी बंद पडल्या. मी फिरतेच आहे.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यातला. जाड पत्र्याचं पोट, वर जड झाकण आणि आत नळ्या बसवायची घरं. लाकडी खोक्यात पेंढा भरून मला इथं आणलं, तेव्हा नारळ फोडला होता, हार घातला होता. येणारा-जाणारा वाकून बघायचा. आता माझ्या झाकणावर लोक चहाचे कप ठेवतात. ठेवा. फिरायला लागले की माझ्या आवाजानं आपोआप उचलता.

माझं काम सांगते. नळीतलं रक्त थोडा वेळ उभं ठेवलं की गोठतं. मग मी त्याला गरागरा फिरवते. लाल ते खाली बसतं, वर पिवळसर निवळ राहतं. ते सीरम. साखर, चरबी, इन्सुलिन, सगळं त्यातूनच मोजतात. मोजणारी मशीन वेगळी. ती एसीत बसते, आकडे दाखवते आणि कौतुक तिचंच होतं. पण मी निवळून दिलं नाही तर ती मोजणार काय, डोंबल?

गेल्या उन्हाळ्यात सोयगावहून केसरबाई आली. आली कसली, भांडतच आत शिरली. मागं तिचा मुलगा बद्रीनाथ. बाईला साखरेचा आजार. गोळ्या वेळेवर, भाकरी अर्धी, तरी सकाळी उपाशीपोटी साखर चढलेलीच. बद्रीनाथनं त्याचा अर्थ काढला की, आई रात्री चोरून गूळ खाते. त्यानं स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप ठोकलं आणि किल्ली स्वतःच्या करदोड्याला बांधली. ज्या घरात केसरबाईच्या हाताशिवाय चूल पेटत नव्हती, त्या घरात ती चोर ठरली.

"ताई, काढा माझं रक्त," ती लॅबच्या तनुजा मॅडमना म्हणाली. "आन् ह्या नवाबाला दाखवा, मी खाते का नाय ते."

डॉक्टरांनी उपाशीपोटीची साखर आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन मागितलं होतं. मॅडमनी सुई हातात घेऊन विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं-प्यालं?"

"नाय नाय," बद्रीनाथ छाती काढून म्हणाला. "एकदम कडक उपाशी आणलीय."

"आन् सिल्लोडच्या स्टँडवर काय पाजलंस? तीर्थ?" केसरबाई म्हणाली.

"अगं, तो चहा व्हता! चहा म्हंजी काय खाणं झालं का? तुला गाडी लागती म्हणून अर्धा कप..."

"साखरेचा?" मॅडमनी विचारलं.

"मग! हाटेलात काय बिनसाखरेचा देतेत का?"

मॅडमनी सुई खाली ठेवली. मित्रांनो, आपल्याकडं चहाला कुणी खाण्यात धरतच नाही. पण अर्ध्या कपानंही रक्तातली साखर उसळते, तिच्यामागं इन्सुलिन उसळतं, आणि मग आकडा चहाचा येतो, माणसाचा नाही. मी कितीही फिरले तरी मला रक्तातून चहा वेगळा काढता येत नाही.

"चालवून घ्या की मॅडम," बद्रीनाथ म्हणाला. "थोडं इकडं-तिकडं. उद्या परत कोन यील?"

"चालवून घ्यायचं तर तुझं रक्त दे," केसरबाई कडाडली. "माझ्या नावावर खोटा आकडा नको. मी लेकीकडं राहते चिकलठाण्याला. आन् तू बी राहा, दारात खाट टाकून. न्हाय तर सकाळी म्हणशील, रातच्याला गूळ हाणला."

दुसऱ्या दिवशी दोघं दार उघडायच्या आधीच हजर. बद्रीनाथचे डोळे जागून लाल झालेले. रक्त घेतलं, गोठू दिलं, माझ्या पोटात आलं. केसरबाई माझ्या झाकणावर नजर रोखून उभी. मीही हट्टाला पेटले. जराही थरथरले नाही. नळी बाहेर आली तेव्हा सीरम असं निवळ होतं, की पलीकडचं बोट दिसावं.

दुपारी आकडे आले. साखर चढलेलीच होती. पण इन्सुलिनही चढलेलं होतं. मॅडमनी दोन्हींचा हिशेब मांडला.

"आजी, साखर आवरायला शरीर इन्सुलिन बनवतं. तुमच्या अंगात ते कमी नाही, उलट जास्त आहे. अंग त्याचं ऐकत नाही. म्हणून यकृत रात्रभर स्वतःच साखर सोडत राहतं."

"आमच्या घरावानीच हाय म्हणा की," केसरबाई म्हणाली. "मी बोलते लई, ऐकत कोन नाय."

बद्रीनाथ घुटमळला. "म्हंजी... ती गूळ खात नव्हती?"

"गुळाचं मला कागद सांगत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण रात्रभर राखण तुम्हीच केलीत ना? न खाता साखर चढते, हे तुम्हीच बघितलं. गोळ्या बदलायच्या की काय, ते डॉक्टर ठरवतील. हा अहवाल दाखवा."

त्यानं मान खाली घातली, करदोड्याची किल्ली सोडली आणि आईपुढं धरली. केसरबाईनं हातसुद्धा पुढं केला नाही.

"मला कशाला? कुलूप तू लावलंस, सगळ्यांम्होरं. काढनार बी तूच. सुनंला, पोरांना उभं करून."

"व्हय, माय," तो म्हणाला.

मित्रांनो, माझं म्हणणं ध्यानात ठेवा. रक्त द्यायला याल तेव्हा खरोखर उपाशी या. चहा घेतला असेल तर लपवू नका, सांगा आणि दुसऱ्या दिवशी या. आणि घरातल्या आजारी माणसाचा संशय आला, तर त्याला चोर म्हणायच्या आधी माझ्याकडं आणा. तोवर तुमचं तोंड बंद ठेवा. निवळायचं काम माझं आहे.