पाठमोरी माय

माय गेल्यापासून करुणाला एकच स्वप्न पडायचं. ओढ्याकाठची पायवाट, कलतं ऊन, आणि पुढे डोक्यावर गवताचा भारा घेऊन चाललेली माय. करुणा मागून हाक मारायची. माय वळायची नाही. जाग आली की करुणा पडल्या पडल्या मायचा चेहरा आठवू बघायची. नाक आठवायचं, हनुवटीवरचं गोंदण आठवायचं, पण सगळं मिळून माय काही व्हायची नाही. हट्टा गावच्या अंगणवाडीत अर्ध्या गावाची लेकरं सांभाळलेल्या पन्नाशीच्या बाईला स्वतःच्या आईचा चेहरा आठवू नये, याची तिला भारी लाज वाटे. सांगणार तरी कुणाला?

मायनं, म्हणजे लक्ष्मीबाईनं, जिवंतपणी कधी धड फोटो काढू दिला नाही. मोबाइल समोर आला की पदर तोंडावर गेलाच म्हणून समजा. पहिला स्मृतिदिन जवळ आला, तसा करुणाचा धाकटा भाऊ प्रज्ञेश मायचं आधार कार्ड घेऊन फोटोवाल्याकडे गेला आणि भलीमोठी फ्रेम करून आला. फोटोवाल्यानं जीव ओतून काम केलं होतं. मायला गोरी केली होती, पैठणी नेसवली होती, गळ्यात मोत्यांचा सर घातला होता आणि मागे ढग सोडले होते. जन्मभर लोकांच्या हळदीच्या रानात राबलेली बाई एखाद्या मंत्र्याची सासू दिसत होती. प्रज्ञेश खूश होता. करुणाला मात्र ती फ्रेम बघवेना. हाच चेहरा भिंतीवर लागला तर आपल्याकडे उरलीसुरली माय आहे तीही पुसून जाईल, असं तिला वाटलं. स्मृतिदिनाला खरी माय आपणच काढून ठेवायची, असं तिनं ठरवून टाकलं. तोवर तिनं आयुष्यात अंगणवाडीच्या भिंतीवर एक आंबा काढला होता, आणि लेकरं त्याला वांगं म्हणत.

गावच्या वाचनालयात रविवारी दुपारी जान्हवी मॅडम मोठ्या माणसांना चित्रकला शिकवत. तरण्या होत्या, शाळेत नोकरीला होत्या, आणि हा उद्योग हौसेचा. करुणा तिथं जाऊ लागली. बाहेर कुठेतरी हळद शिजत असायची, तिचा कढत, मातकट वास खिडकीतून आत यायचा, पंखा सावकाश फिरायचा आणि त्या गुंगीत पेन्सिली चालायच्या. मॅडमचे अभ्यासही झोपेत सुचल्यासारखे. कागदाकडे न बघता तांब्या काढा. पेन्सिल न उचलता आपलाच हात काढा. खुर्ची काढूच नका, तिच्या पायांमधली मोकळी जागा तेवढी काढा.

शेवटी सगळ्यांची चित्रं सतरंजीवर मांडायची. चित्रावर नाव नाही. चांगलं-वाईट म्हणायचं नाही, काय दिसतं तेवढं सांगायचं. आणि ज्याचं चित्र असेल त्यानं तोंड उघडायचं नाही. हा शेवटचा नियम महादेवाच्या देवळातल्या उद्धवराव गुरवांना फार जड जाई. ते तांब्या काढायला बसले तरी त्याला सोंड फुटे, आणि ती सोंड नाही हे पटवून दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

करुणा दर वेळी अभ्यास उरकून कोपऱ्यात चेहरा काढायची. समोरून, दोन डोळे, मधोमध नाक. चित्र म्हणजे समोरून, एवढं तिनं गृहीतच धरलं होतं. सतरंजीवर लोक म्हणत, ही बाई फोटोला उभी आहे. कुणी म्हणे, हिला कुणीतरी दम देऊन बसवलंय. करुणा नियमाप्रमाणे गप्प राहायची आणि घरी जाऊन कागद चुलीत घालायची, कारण लोक खरं बोलत होते.

स्मृतिदिनाआधीच्या रविवारी मॅडम म्हणाल्या, आज डोळे मिटा, रोज आठवणारं काहीतरी समोर येऊ द्या, आणि ते न काढता त्याच्याभोवतीची मोकळी जागा काढा. करुणानं डोळे मिटले आणि पायवाट आली. माय पुढे होतीच. या खेपेला करुणानं हाक मारली नाही. मायकडे बघितलंही नाही. भाऱ्याखालचं आभाळ तेवढं काढलं. वर धरलेला हात आणि कान यांमधली फट काढली. लुगड्याचा काठ आणि टाच यांमधून दिसणारा उजेड काढला. पेन्सिल ठेवली तेव्हा कागदावर माय होती. पाठमोरी. करुणाला रडूच आलं. स्वप्नात वळली नाही ती नाहीच, इथंही पाठ.

चित्र सतरंजीवर गेलं. कुणाला बाई दिसली, कुणाला ऊन. उद्धवराव मात्र उकिडवे बसून कितीतरी वेळ पायांकडे बघत राहिले.

"डोक्यावर ओझं असलं की माणूस भरभर चालतंय," ते म्हणाले. "ही पाहा, टाच पुरी टेकवती. हळू चालून राहिली. हिच्या मागं बारकं लेकरू हाय."

"मग ती मागं वळून काहून पाहात न्हाई?" करुणानं नियम मोडला.

"भारा हाय न बाई डोक्यावर. मान कशी वळवंल? कानानं पाहून राहिली ती."

करुणा खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिला लहानपणीचा तो रस्ता आठवला. आपण रेंगाळलो की पुढची पावलं थांबत, आपण पळालो की चालू लागत. तिला वाटायचं, माय दमली असेल.

प्रज्ञेशनं चित्र पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आलेल्या लोकांकडं पाठ करून माय बसवायची का, लोक फूल कुठं वाहतील, असं त्याचं म्हणणं. त्याचंही चुकत नव्हतं. शेवटी बुद्धमूर्तीशेजारच्या टेबलावर दोन्ही ठेवायचं ठरलं.

स्मृतिदिनाला वंदना झाली, लोक फुलं घेऊन उठले. बहुतेकांनी सवयीनं मोत्यांच्या सरापुढे फूल ठेवलं आणि ही कोण म्हणून एकमेकांकडे पाहिलं. मग तांड्यावरच्या म्हाताऱ्या मिराबाई आल्या. लक्ष्मीबाईबरोबर त्यांनी गवत कापण्यात उमर घालवली होती. फ्रेमवरून त्यांची नजर सरळ पुढे गेली आणि चित्रावर थांबली. हात जोडायचे त्या विसरल्या. पदर खोचला आणि म्हणाल्या, "चाल लक्ष्मे, आले मी."

त्यांच्यामागे दुसरी बाई येऊन थांबली, तिच्यामागे तिसरी. पायवाटेवर चालतात तशी रांग झाली. प्रज्ञेशनं फ्रेम उचलून आत नेली आणि गुपचूप येऊन रांगेच्या टोकाला उभा राहिला. करुणा त्याच्या मागे जाऊन थांबली. माय वळावी असं तिला आता वाटत नव्हतं.