चोख्खुं चणाक खाडी

मी एक म्हातारा तिवर आहे, खारफुटीचं झाड. सुरतेजवळ तापी समुद्राला मिळते, तिथल्या खाडीच्या चिखलात माझं घर. मित्रांनो, लगेच तोंड वाकडं करू नका! माझं बी भरतीबरोबर वाहत आलं आणि इथेच रुजलं. वादळात मी लाटा अंगावर घेतल्या, खेकड्यांना पायाशी सांभाळलं. कौतुक मात्र कुणी केलं नाही. लोक या जागेला 'खराबो' म्हणत, म्हणजे बिनकामाची जमीन.

मग माधवीताई आल्या. मराठी शाळेतल्या शिक्षिका. या खाडीला जागतिक वारशाचा मान मिळावा म्हणून त्या वर्षानुवर्षे झटल्या. मान मिळाला, तर इथे भराव घालून इमारती उठणार नाहीत, असं त्या सांगत. अखेर पाहणीला परदेशी पाहुणे येणार असं ठरलं. मी अगदी हरखून गेलो.

पाहुण्यांना आणायला माधवीताई विमानतळावर गेल्या आणि इथे त्यांचे सहकारी जयंतभाऊ सफाईसाठी कंबर कसून उभे राहिले. आम्हा तिवरांभोवती चिखलातून बोटांएवढ्या काड्या वर आलेल्या असतात. भेस्तानच्या खानदेशी वस्तीतून मदतीला आलेल्या उषाबाईंनी विचारलं, "भाऊ, ह्या खुटा कापी टाकूत का? पाव्हनासना पायले टोचतीन."

"कापा, कापा! सुरतच्या अब्रूचा प्रश्न आहे. सगळं कसं चोख्खुं चणाक, अगदी लख्ख दिसलं पाहिजे!"

मित्रांनो, ती आमची मुळं होती. चिखलात हवा नसते, म्हणून ती वर काढून आम्ही श्वास घेतो. पण मी ओरडणार कसा? कोयते चालत राहिले.

माधवीताई पाहुण्यांना घेऊन आल्या आणि जागीच थबकल्या. "जयंतभाऊ, हे काय केलंत?"

"सफाई! बघा, एक काडी शिल्लक ठेवली नाही."

"अहो, ती झाडांची नाकं होती..." म्हणत त्या चिखलातच बसून छाटलेली मुळं गोळा करू लागल्या. उषाबाईंनी कोयता खाली ठेवला. पाहुणे छाटलेल्या मुळांचे फोटो काढून परत गेले.

निकाल अजून लागलेला नाही. माझी पानं मात्र पिवळी पडू लागली आहेत आणि भरती आली की जीव घाबरा होतो. जयंतभाऊ रोज येतात, माझ्या खोडावर हात ठेवून उभे राहतात. मला त्यांचा राग येत नाही. वाईट वाटतं, फार वाईट. मित्रांनो, ज्याला सजवायचं त्याला आधी नीट ओळखा. एवढ्या प्रेमाने आजवर मला कुणीच मारलं नव्हतं.