मुकी डावी बाजू

ॲम्प्लिफायरचं झाकण उघडलं आणि आत झुरळांचं अख्खं गाव निघालं. जिवंत एकही नाही, नुसते पंख, अंडी आणि लेंड्या. वर कुणीतरी सांडलेल्या चहाचा चिकट थर. "घरच्यासारखा वापरलाय," असं विकणारा म्हणाला होता. कुठल्या घरात, देव जाणे.

"अहो, आधी ती घाण गॅलरीत न्या," बायको नाक दाबून म्हणाली.

नेली. करतो काय? नाट्यगृहात आवाजाच्या टेबलावर मी सव्वीस वर्षं बसतोय. गेल्या तीन प्रयोगांत प्रेक्षकांची एकच ओरड: डावीकडे कान फाटतात, उजवीकडे संवाद ऐकू येत नाहीत. मी तिथल्या जुन्या ॲम्प्लिफायरवर खापर फोडलं. मॅनेजर म्हणाला, "शनिवारी पुन्हा असं झालं तर टेबलावर दुसरा माणूस बसेल." म्हणून पदरमोड करून हा जुना माल आणला, तर याची डावी बाजू चक्क मुकी! हेडफोनमध्ये फक्त उजवीकडे आवाज.

ब्रश आणि स्पिरिट घेऊन दुपारभर तो उकिरडा उपसला. फ्यूजच्या जागी कुण्या दिवट्याने सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून ठेवलेली. काढली, नवा फ्यूज घातला. सोल्डर पुन्हा केलं. व्हॉल्यूमचं बटण धुतलं. तीन हेडफोन लावून पाहिले. डावीकडे ढिम्म. शेवटी ते धूड उचललं आणि विकणाऱ्याच्या दुकानात नेऊन आदळलं.

दुकानदार स्क्रू-ड्रायव्हरने कान कोरत बसला होता. टोकावर निघालेला मळ त्याने नीट न्याहाळला आणि पँटला पुसला. शी! मग माझाच हेडफोन त्याच कानांवर चढवला.

"दोन्ही बाजू झकास वाजतायत की, काका."

"तोंडावर खोटं बोलतोस? शनिवारी नाट्यगृहात प्रयोग आहे, याच्यापायी माझी आवाजाच्या टेबलावरची जागा जाईल!"

त्याने हेडफोन काढला, उलटा केला आणि त्याच बोटांनी माझ्या कानांवर बसवला. मी अंग चोरलं.

"आता कुठली बंद?"

"डावी!" मी ठणकावून सांगितलं.

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. हेडफोन उलटा केला की यंत्रातला दोष दुसऱ्या कानात जातो. हे मी शिकाऊ पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. दोष जागचा हलला नाही, तर तो यंत्रात नसतो. ही परीक्षा मी स्वतः घेतलीच नव्हती, कारण माझ्या कानांवर शंका घेण्याची माझी हिंमत नव्हती. तीन प्रयोग मी डावी बाजू मला ऐकू येईपर्यंत वाढवत गेलो होतो, आणि शिव्या मात्र यंत्राला दिल्या.

"डॉक्टरला दाखवा, काका," तो हळूच म्हणाला. "शनिवारी मी येतो. शेजारी बसतो, डावीकडचा आवाज सांगतो. कुणाला कळायचं नाही."

प्रेक्षकांना फसवायचं, मॅनेजरला फसवायचं, आणि तेही या मळक्या कानांच्या भरवशावर. मला त्याची किळस आली. त्याहून जास्त माझी, कारण तोंडून नकार निघेना.

"सहाला ये," मी म्हणालो. "आणि आंघोळ करून ये."