शनिवारचं तेल

लढाई संपल्यावर गोरक्षनाथ पलटणीतून घरी आला तो एक जुनी मोटार घेऊन. शिंगणापूरपासून दोन कोसांवरच्या त्याच्या गावात तेवढी एकच मोटार. भाड्यानं चालवायचा, पण दुसऱ्याचा हात तिला लागू द्यायचा नाही. इंजिनाचं तेल बदलायला गाडी नगरच्या मोटार कंपनीच्या एजंटाकडं नेणं म्हणजे आपलं लेकरू न्हाऊ घालायला शेजारणीकडं देणं, असा त्याचा ताठा.

"एजंटाची मानसं निम्मं जुनं तेल आतच ठेवत्यात," तो बायकोला सांगायचा.

"तुमच्याबिगर कुनाला काय येतंय व्हय," मनकर्णा हसायची. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि आता कुठं तिला दिवस गेले होते, त्यामुळं त्या वर्षी तिला कशाचंही हसू यायचं. आठवा सरत आला होता. वेळ आली की नगरच्या मिशनच्या इस्पितळात न्यायचं ठरलं होतं, आणि त्यासाठीच गाडी ठाकठीक करायची होती.

शुक्रवारी दुपारी तो गाडीखाली शिरला. काळं तेल काढलं, ते गावातल्या गाडीवानांनी वंगणाला लगेच वाटून नेलं. नव्या तेलाचा डबा नगरहून संध्याकाळच्या उतारूंच्या सर्विस मोटारीनं यायचा होता. ती वाटेतच बंद पडली आणि डबा फाट्यावर उतरला शनिवारी सकाळी. गोरक्षनाथ आणायला निघाला, तर मनकर्णा उंबऱ्यात आडवी उभी.

"शनवारी तेल देवाला वाहायचं. घरात आनायचं न्हाई. त्यात मी ही अशी."

"इंजिनाचं तेल हाय ते, मने."

"तेल त्ये तेलच."

तिच्या पोटाकडं बघून त्याला पुढं बोलवेना. एका दिवसानं काय बिघडतंय, असं म्हणून तो मागं फिरला. डबा फाट्यावरच्या हॉटेलात पडून राहिला.

दुपारी तिला कळा सुरू झाल्या. अवेळी, आणि रक्तही जायला लागलं. गोरक्षनाथ उन्हातान्हात फाट्याकडं पळत सुटला. डबा खांद्यावर टाकून परत येईतो तासावर वेळ गेला. तेल ओतताना घाईत निम्मं बाहेर सांडत होतं. नगर गाठलं तेव्हा दिवस कलला होता.

मुलगा झाला. रडला नाही.

रेबेका नर्सनं त्याला व्हरांड्यात बाजूला घेतलं. "आई वाचली. तासभर आधी आणलं असतंत, तर बाळही हाती लागलं असतं."

एजंटाकडं गाडी टाकली असती तर शुक्रवारीच तेल भरून दारात उभी असती. हे त्याचं स्वतःचं पाप होतं आणि ते त्याला कबूल होतं. पण सकाळी तिनं अडवलं त्यातच हा तास गेला, हे तिच्या ध्यानात आलं तर ती जगायची नाही, एवढं त्याला कळत होतं. त्यानं रेबेकापुढं हात जोडले. "बाई, तासाचं तेवढं हिच्यापाशी बोलू नगा."

दुसऱ्या दिवशी मनकर्णानं डोळे उघडले.

"गाडी कशी चालली? तेल शनवारीच आनलं न्हवं तुमी?"

"व्हय."

"म्हनून गेला माजा ल्योक."

गोरक्षनाथनं मान खाली घातली. "व्हय. म्हनूनच गेला."

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यानं पांघरूण तिच्या खांद्यावर ओढलं. तिनं ते खाली सारलं.