सत्तावीस नंबरच्या करडाची आई

मी एक म्हातारी शेळी आहे, रंगाने काळी आणि अंगाने ठेंगणी. कोलकात्यातल्या एका पशुसंशोधन केंद्राच्या गोठ्यात खिडकीजवळची जागा माझी. मित्रांनो, आमची जात मुळातच लहानखुरी. आम्ही का वाढत नाही, हे शोधायला आभा इथे आली होती.

आभा बराकपूरला राहायची. सकाळच्या गाडीने सियालदहला उतरायची आणि बस पकडून नऊच्या आत गोठ्यात हजर व्हायची. तिचे घर मराठी. इथे मराठी बोलायला कुणी नव्हते, म्हणून ती माझ्याशी बोलायची. मध्येच अडखळायची, मग बंगाली शब्द घालून वाक्य पुरे करायची. तिच्याकडूनच मला कळले, की शरीरात वाढीचे एक जनुक असते आणि ते यकृतात, स्नायूत, हृदयात किती काम करते हे तिला मोजायचे आहे. त्यासाठी या अवयवांचे तुकडे लागतात. करडू जिवंत ठेवून ते मिळत नाहीत, हेही तिने माझ्यापासून लपवले नाही.

त्या थंडीत मला जुळी झाली, एक नर आणि एक मादी. नराच्या कानात सत्तावीस नंबरचा बिल्ला लागला. तो भारी हट्टी. फणसाचे पान दाखवल्याशिवाय वजनकाट्यावर उभा राहायचा नाही. आभाच्या खिशात रोज एक पान असायचे.

आधी नेलेल्या सहा करडांचे तुकडे नळ्यांमध्ये भरून गोठवले होते. एके दुपारी आभा आली आणि गवतावर बसूनच राहिली. नळ्यांवरचे आकडे पुसले गेले होते. तिने घाईत साध्या पेनाने लिहिले होते. आता कोणते यकृत कुणाचे, ते कळायला मार्ग नव्हता. तिचे मार्गदर्शक सलील सर रागावले नाहीत. आणखी सहा करडे लागतील, एवढेच म्हणाले.

सत्तावीसला वगळावे, अशी तिने विनंती केली. सर म्हणाले, "आवडती करडे बाजूला ठेवून काढलेले उत्तर खरे नसते." मग चिठ्ठ्या टाकल्या. पाचवी चिठ्ठी माझ्या बाळाची निघाली.

आभाने त्याला स्वतः उचलून नेले. मी तीन दिवस ओरडत होते. कास दुधाने ठणकत होती, एकटी लेक किती पिणार? चौथ्या दिवशी आभा आली आणि माझ्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "चूक माझी होती गं. भोगलंस तू."

या वेळी तिने प्रत्येक नळीवर न पुसणाऱ्या शाईने लिहिले आणि दोनदा तपासले. उत्तर मिळाले: ते जनुक यकृतात सर्वांत जास्त काम करत होते, स्नायूत अगदी थोडे. तिचा शोधनिबंध छापून आला. पुढे तिला दूरच्या गावी नोकरी लागली आणि ती निघून गेली.

आता माझे दूध आटले आहे. गोठ्यात नवे करडू बारीक आवाजात ओरडले, की माझी मान अजून वळते. मराठी तर कित्येक महिन्यांत कानावर पडलेली नाही.

मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन काही शोधाल, मोजाल. जरूर शोधा. फक्त नळीवर आकडा घालताना घाई करू नका. त्या नळीतल्या इवल्याशा तुकड्यासाठी कुणाची तरी आई गोठ्यात हाका मारत असते.