मेंदीच्या कुंडीचं वजन

हे लिहिणारच नव्हतो. यात मी पूर्ण येडा दिसतो. पण असू दे.

जुनैद माझा शाळेपासूनचा दोस्त. मस्कतला नोकरी लागली तसं त्यानं सारसोळ्यातलं घर बंद केलं. बहीण अफशा म्हसळ्याला मामाकडे गेली, आणि मेंदीची कुंडी आली माझ्या नेरूळच्या बाल्कनीत. त्याच्या अम्मीनं लावलेली. अम्मी आता नाही. जानेवारीत अफशाचं लग्न, आणि तिचं एकच म्हणणं, हातावर मेंदी लागेल ती अम्मीच्या झाडाचीच.

"विश्या, फक्त पाणी घाल. हिरो बनू नको," जुनैद म्हणालेला.

बनलो. ऑक्टोबरचं ऊन. दुपारी पानं मलूल दिसली की एक मग पाणी. संध्याकाळी परत एक. खालची ताटली कायम भरलेली. पंधरा दिवसांत पानं पिवळी. टेन्शन आलं, म्हणून अजून पाणी.

एका सकाळी बाल्कनीत पानांचा सडा. धावत खाली गेलो, सोसायटीची बाग बघणाऱ्या आप्पांना वर आणलं. आप्पा साताऱ्याचे. तीस वर्षं मार्केटात पोती उचललेली. पानांकडे त्यांनी बघितलंच नाही. कुंडी दोन्ही हातांनी उचलली, जरा तोलली, ठेवली.

"आरं, मेंदी हाय का भात लावलायस?"

"दुपारी मान टाकते ना, आप्पा."

"दुपारी तू बी मान टाकतोस. तुझ्यावर बादली वततो का आमी? सकाळी बघायचं. सकाळी बी मलूल, अन् कुंडी हलकी लागली, तरच पाणी."

"हलकी म्हणजे किती?"

"रोज उचल. हाताला कळतं."

ताटली काढली. पाणी बंद. रोज सकाळी कुंडी उचलायची. आई म्हणाली, "पुस्तक कधी इतक्या वेळा उचललं नाहीस."

नवव्या दिवशी कुंडी अशी वर आली की मीच दचकलो. बोट खुपसलं, आतपर्यंत कोरडं. मग खालून गळेपर्यंत पाणी घातलं, एकदाच. पुढच्या आठवड्यात लालसर कोंब.

लगेच जुनैदला फोन. "नवीन पालवी आली!"

"नवीन? जुनी कुठे गेली?"

सगळं सांगितलं. मला वाटलं, गेली दोस्ती.

पण तो म्हणाला, "अम्मी पाणी घालायला विसरायची रे. म्हणून तर जगलं ते." आणि लगेच, "दोन्ही हातांना पुरेल?"

"एका हाताला तरी पुरवतो," मी म्हणालो. "कुंडी मांडीवर घेऊन म्हसळ्याला मीच येतो. पानं अफशाच तोडेल. आणि तोपर्यंत, हाताला हलकी लागल्याशिवाय एक थेंब घालणार नाही. शब्द."